इंगळे सरांच्या गाडीचं लॉक

"अत्यंत दुःखद वार्ता. आपल्या कॉलनीच्या सेवेत अनेक वर्षे अहोरात्र उभे असलेले, मनमिळाऊ, परोपकारी, लहानथोर कोणालाही कधी 'नाही' न म्हणणारे, आपल्या सर्वांचे लाडके इंगळे सर यांच्या मोटरसायकलचे जुने लॉक नुकतेच निवर्तले. कॉलनीवर शोककळा पसरली आहे."

हा मजकूर एका रविवारी सकाळी मी आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला आणि शांत मनाने आंघोळीला गेलो. पुढे जे झालं ते सांगतोच. पण आधी त्या लॉकविषयी आणि त्याच्या मालकाविषयी सांगायला हवं.

त्या लॉकला कोणतीही किल्ली चालायची. थट्टा नाही. माझ्या कपाटाची चालायची. शेजारच्या रफिकभाईंच्या गल्ल्याची चालायची. एकदा आमच्या सौभाग्यवतींनी सुटकेसची किल्ली घालून बघितली, तर गाडीचा हिरवा दिवा लागला. बुलढाण्याला रेल्वे नाही, आणि एसटी आपल्या मर्जीने येते. त्यामुळे ज्याला घाई असेल त्याने सरांच्या फाटकातून गाडी काढायची, खिशातली जी सापडेल ती किल्ली घालायची आणि निघायचं. विचारायचं नाही. सर दुपारी झोपलेले असायचे आणि उठवलेलं त्यांना खपायचं नाही.

आता गंमत बघा. हेच इंगळे सर लॉकचे डॉक्टर! शाळेत चित्रकला शिकवत होते. निवृत्त झाल्यावर हातात पेन्सिल राहिली, समोर मुलं राहिली नाहीत, म्हणून ते मोटरसायकलींकडे वळले. किल्ली अडकते, फिरत नाही, मध्येच गाडी बंद पडते, असं कुणी म्हणायचा अवकाश, सर हजर.

"तेल घातलं काय?"

"थोडंसं घातलं, सर."

"बह्याडा! तेलावर धूळ बसते, धुळीचा चिखल होते, अन् मंग तू म्हनतं किल्ली फिरत नाही. तेल नाही, पेन्सिल!"

मग ते जाड शिशाची पेन्सिल ब्लेडने खरवडायचे, ती काळी भुकटी रिकाम्या रिफिलमध्ये भरायचे, रिफिलचं एक टोक लॉकच्या तोंडात, दुसरं स्वतःच्या. फुंकर! एकदा हे काम त्यांनी मला करायला दिलं. मी फुंकर मारण्याआधी श्वास आत घेतला. त्या दिवशी मला वरवट बकालला एका लग्नाला जायचं होतं. काळ्या ओठांनी मी आशीर्वाद दिले, आणि नवरी मुलगी मला बघून दोन पावलं मागे सरकली.

किल्ली या वस्तूबद्दल सरांची मतं फार कडक. "किल्लीच्या गळ्यात सारं घरदार लटकवू नोको, वजनानं लॉक झिजते." आणि, "किल्ली पिरगाळाची नसते रे. तिले इचाराचं असते, फिरू काय म्हून." कोर्टाच्या आवारात एकदा ते एका अनोळखी गाडीवर वाकून, तोंडात रिफिल धरून बसलेले एका हवालदाराला दिसले. हवालदाराने खांदा धरला. "काय करून राह्यले?" सर तोंडातली रिफिल न काढता म्हणाले, "फुंकून राह्यलो." चौकीत बसावं लागलं असतं, पण हवालदाराच्या स्वतःच्या गाडीची किल्ली अडकत होती. तिथून दोघं चहा पिऊनच परतले.

मग असा माणूस स्वतःच्या गाडीचं लॉक का दुरुस्त करत नाही? मी अनेकदा विचारलं. सर म्हणायचे, "त्याचा सोभावच मोकळा हाय."

फुकट गाडी नेणाऱ्याला एकच दंड होता. गाडी परत लावली की सरांच्या ओट्यावर बसायचं, चहा प्यायचा, आणि गाडी कुठे गेली, काय बघून आली, हे सविस्तर सांगायचं. दुसऱ्या दिवशी सर तीच बातमी पुढच्याला सांगायचे, पण त्यात माणसाचं नाव नसायचं. "आपली गाडी काल पिंपळगाव राजाले गेलती. साखरपुड्याले. वांग्याची भाजी झकास होती म्हने, पन जिलबी नरम." किंवा, "परवा गाडी राजूर घाट उतरून मलकापूरले गेली, पाहुने रेल्वेत बसवाले. रडली म्हने पाहुनी." जणू गाडी म्हणजे सासरमाहेर करणारी लेक, आणि आपण तिची खुशाली ऐकतोय.

सर स्वतः ती चालवत नसत. इंगळे वहिनी वारल्या तेव्हापासून नाही. कारण विचारलं तर तांत्रिक उत्तर मिळायचं. "मांगच्या सीटवर वजन नसलं त हँडल हलते."

दिवाळीत नाशिकहून लेक आली, वैशाली. तिने ओट्यावरून बघितलं की कुणीतरी येतो, गाडी काढतो, निघून जातो. पोरगी घाबरलीच. "बाबा, तुमची गाडी कोणीही नेतं!" सर म्हणाले, "आनून बी देतात ना." पण तिने ऐकलं नाही. मेकॅनिकला बोलावून नवंकोरं लॉक बसवलं. दोन किल्ल्या आल्या. एक खिळ्यावर टांगली, आणि दुसरी, सुरक्षित राहावी म्हणून, नाशिकला घेऊन गेली.

आणि ओटा ओस पडला.

आम्ही काही रुसलो नव्हतो. पण आता दारात उभं राहून किल्ली मागायची होती. रफिकभाई एकदा फाटकापर्यंत गेले आणि परत आले. मला म्हणाले, "पयले नेत होतो त घरची वाटे. आता मांगा लागते त उसनी वाटते, भाई." मलाही तसंच वाटत होतं. मग आम्ही एसटीची वाट बघू लागलो; माझी स्वतःची गाडी गावातल्या गावातच चालण्याच्या लायकीची होती.

सर ओट्यावर एकटे बसलेले दिसायचे. मी जाता-येता दिसलो की हाक मारायचे.

"प्रकाश, तुई गाडी डावीकडं वळली की बंद पडे. अजून पडते काय?"

"नाही सर. तुम्ही लॉकच्या बुडाची तुटकी वायर जोडून दिली तेव्हापासून नाही."

"उजवीकडं?"

"उजवीकडेही नाही."

"बरं झालं," ते म्हणायचे, इतक्या पडेल आवाजात की उजवीकडे तरी बंद पडायला हवी होती असं मला वाटून जायचं.

म्हणून तो शोकसंदेश. लोक हसतील, जुन्या लॉकच्या आठवणी निघतील, चार जण ओट्यावर जमतील, एवढाच माझा डाव होता.

आंघोळ करून बाहेर आलो तर बायको पदराने डोळे पुसत होती. "अहो, इंगळे सर गेले!"

मी लिहिलेलं माझ्याच बायकोने शेवटपर्यंत वाचलेलं नव्हतं. फोनवर 'आपल्या सर्वांचे लाडके इंगळे सर' इथपर्यंतच मजकूर दिसत होता, आणि पुढचं उघडून बघायला कुणाला धीर? ग्रुपवर हात जोडलेल्यांची रांग लागली होती.

मी ओल्या केसांनी धावलो. सगळी कॉलनी सरांच्या फाटकात. रफिकभाई दुकानाचं शटर ओढून आलेले. समोरच्या खर्चे वहिनी पिठलं-भाकरीचा डबा घेऊन उभ्या, कारण दुःखाच्या घरी आज चूल पेटणार नाही. एकाच्या हातात हार. आणि ओट्यावर वर्तमानपत्र पसरून, चष्मा नाकावर, गाडीचं नवं लॉक खोलून बसलेले खुद्द इंगळे सर!

"या, या! सारे एकदमच?"

रफिकभाईंनी जाऊन त्यांना मिठीच मारली. "सर, तुमी त जित्ते हाव!"

"मंग? काऊन? तुमाले काय वाटलं?"

मला सगळ्यांसमोर तो संदेश पूर्ण वाचून दाखवावा लागला. खर्चे वहिनींनी माझ्याकडे असं बघितलं की तो हार आता माझ्याच कामी येईल असं वाटलं. पण सर हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग भगोनंभर चहा झाला. कप पुरले नाहीत, तेव्हा वाट्यांतून झाला. हार गाडीच्या हँडलला घातला. स्वतःच्या मयताचं पिठलं सरांनी स्वतःच खाल्लं आणि वर सांगितलं, "मीठ कमी हाय वहिनी. रडता रडता केलं वाटते."

तेवढ्यात माझं लक्ष त्यांच्या बशीकडे गेलं. तीत चिमुकल्या पितळी पट्ट्या पडल्या होत्या.

"सर, हे काय?"

"लॉकच्या पोटातल्या पट्ट्या. ह्या आत असल्या की एकच किल्ली लागते." त्यांनी माझ्या खिशातली नेहमीची कपाटाची किल्ली मागून घेतली, रिकाम्या लॉकमध्ये घातली आणि फिरवली. खट्. मग कॉपी करताना सापडलेल्या विद्यार्थ्यासारखं माझ्याकडे बघितलं. "वैशालीले सांगू नोको."

मी मान डोलावून किल्ली परत घेतली. रफिकभाई वाटीतला चहा संपवत म्हणाले, "काही म्हना सर, आज लय दिवसानं सारे जमलो. असं रोज जमा पायजे."

सर मान खाली घालून लॉक बसवत होते. मान वर न करता एकदम ओरडले,

"मंग काय रोज मरू मी? त्यापरीस गाडी नेत जा ना बे!"