तातडी पथक आपल्याच दारात

मुलांनो, जरा एक कचेरी डोळ्यांसमोर आणा. एकमजली, विटांची. एका बाजूला कपडे धुण्याचं दुकान, दुसऱ्या बाजूला कधीचं बंद पडलेलं बुटांचं दुकान. या कचेरीत काही बनत नाही आणि काही विकलंही जात नाही. ज्यांची नोकरी गेली त्यांना दुसरी मिळवून द्यायची, एवढंच इथल्या माणसांचं काम. आता पुढची गंमत तुम्हीच कल्पा. एके सकाळी त्याच माणसांना कळतं, की आपलीच नोकरी जाणार आहे. मग त्यांनी जायचं कुणाकडे?

ओहायोतल्या वाइल्डर फोर्क या गावात एप्रिलमधल्या एका गुरुवारी अगदी असंच झालं. त्या दिवशी घरातल्या मुलांना आपल्याबरोबर कामावर न्यायची तिकडे पद्धत आहे. मार्लीस ओब्रिंगरबाईंची मुलं केव्हाच मोठी झाली होती, म्हणून त्यांनी नऊ वर्षांच्या नातीला, पर्लला, बरोबर आणलं. मार्लीसबाई रोजगार मंडळाच्या कचेरीच्या प्रमुख. प्रमुख म्हटलं तरी हाताखाली माणसं तीनच.

"आजी, मी काय काम करू?" पर्लने आल्या आल्या विचारलं.

"दाराशी बस. आत येईल त्या प्रत्येकाचं नाव वहीत लिही. नाव, आधी काय काम करत होते, आता काय हवंय."

"आणि पगार?"

"डोनट."

"किती?"

"आधी काम तर कर, बये!"

सव्वानऊला वॉशिंग्टनची बातमी आली. अर्ज कसा लिहावा हे लोकांना शिकवणाऱ्या लुपेने ती मोठ्याने वाचली. "काम शिकवण्याच्या अकरा योजना मोडून एकच योजना करायची म्हणतायत. आणि पैसा निम्म्यावर."

"अकरा योजनांची एक झाली की अकरा कचेऱ्यांचीही एक होणार," आल्विन म्हणाला. कचेरीचे सगळे आकडे आल्विन सांभाळायचा, त्यामुळे तो कायम उदास असायचा. "आणि अकरातले अकरावे आपण."

"नुसता प्रस्ताव आहे तो," मार्लीसबाई म्हणाल्या. "असे प्रस्ताव येतात नि जातात." पण हे म्हणताना कपातली निम्मी कॉफी त्यांनी बशीऐवजी टेबलावर सांडली.

त्यांना काळजी होती ती गावाची. काचेचा कारखाना दोन वर्षांपूर्वी बंद पडला होता. ही कचेरीही गेली, तर पुढची सत्तर मैलांवर. आणि गावातल्या निम्म्या गाड्या सत्तर मैल गेल्या असत्या, तरी परत आल्या नसत्या.

मार्लीसबाई शिस्तीच्या. वीस वर्षं त्या कारखानदारांना बजावत आल्या होत्या, "बंद करायची नुसती शंका आली तरी सूचनापत्र लिहून तयार ठेवा. कामगारांना शेवटच्या दिवशी सांगणं हे पाप आहे." दुसऱ्यांना सांगतो ते आपण नको का करायला? त्यांनी राज्य सरकारचा तक्ता संगणकावर उघडला आणि स्वतःच्याच कचेरीचं सूचनापत्र भरलं. नुसतं भरून ठेवायचं होतं. तळाशी दोन बटणं होती, 'जपून ठेवा' आणि 'पाठवा'. मार्लीसबाईंच्या बोटाला गेल्या वीस वर्षांत दुसऱ्याचीच सवय. ते आपोआप 'पाठवा'वरच पडलं.

"अरे देवा," त्या पुटपुटल्या.

आठव्या मिनिटाला ड्वेन कोबच्या टेबलावर संगणक किणकिणला. ड्वेन हा तातडी पथकाचा प्रमुख आणि पथकातला एकुलता एक माणूस. कुठे कारखाना बंद पडायला निघाला, की दोन दिवसांच्या आत तिथे जायचं, कामगारांना धीर द्यायचा, पुढचा मार्ग दाखवायचा, हे त्याचं काम.

"मार्लीस, आपल्या जिल्ह्यात आणखी एक बंद पडतंय गं!" तो ओरडला. "लहानच दिसतंय. चार कामगार. पत्ता सव्वीस, मेन स्ट्रीट." मग त्याची नजर समोरच्या काचेवर गेली. तिथे सव्वीसचा आकडा आतल्या बाजूने उलटा दिसत होता. "हा पत्ता कुठेतरी वाचलाय मी."

"आपणच आहोत ते," मार्लीसबाई म्हणाल्या.

आल्विनने रद्द करण्याचं बटण शोधलं. ते नव्हतंच. "पथक जाऊन आलं तरच प्रकरण मिटतं. नाही गेलं तर आपल्या नावापुढे लाल खूण," त्याने वाचून दाखवलं. "पथकाने हयगय केली, असा शेरा."

"आणि तोही नेमका वरचे लोक कुणाला कापायचं ते शोधत असताना!" लुपे म्हणाली. "वा! आयतं हातात दिलं."

ड्वेनने टोपी चढवली. "मग जाऊन येऊ."

"कुठे?"

"इथेच."

हेही सोपं नव्हतं. पथकाने किती मैल प्रवास केला, हा रकाना होता आणि त्याला शून्य पटत नव्हतं. "निदान एक तरी हवा म्हणतोय," आल्विन म्हणाला. खोटा आकडा लिहायला तो मेला तरी तयार झाला नसता. तेव्हा ड्वेनने माहितीपत्रकांची पेटी आणि कागदी रुमालांचा खोका उचलला, मागच्या अंगणातून गाडी काढली आणि तो एक मैल फिरायला गेला.

मुलांनो, घोटाळ्याला खरी सुरुवात इथे झाली. गाडी पांढरी होती आणि तिच्या दोन्ही अंगांना हातभर अक्षरांत 'तातडी पथक' लिहिलेलं होतं. ही गाडी गावाला चांगली ठाऊक होती. ती सोफ्याच्या कारखान्यापुढे उभी राहिली होती, मग सोफे गेले. काचेच्या कारखान्यापुढे उभी राहिली, मग काच गेली. आज ती डोनटच्या दुकानावरून हळूहळू आली आणि रोजगार कचेरीच्याच दाराशी थांबली. शेजारच्या धुलाईच्या दुकानातल्या बाईने ते पाहिलं, ओल्या चादरींची टोपली खाली ठेवली आणि फोन उचलला.

ड्वेनने दार वाजवलं.

"नाव?" पर्लने विचारलं.

"अगं, मी ड्वेन. आत्ता तर बाहेर गेलो."

"बाहेरून येईल त्या प्रत्येकाचं लिहायचंय. मिस्टर कोब, काय हवंय तुम्हाला?"

"लोकांचं सांत्वन करायचंय," ड्वेन म्हणाला. पर्लने तेही लिहून घेतलं.

तिघं खुर्च्यांवर ओळीने बसले. ड्वेन समोर उभा राहिला. हे भाषण त्याने आजवर साठेक ठिकाणी केलं होतं आणि दुसरं त्याला येत नव्हतं. "मित्रांनो," तो म्हणाला, "जे झालं त्यात तुमची काही चूक नाही."

"माझी आहे," मार्लीसबाई म्हणाल्या.

"मधे बोलू नकोस गं, लय तुटते. तर मित्रांनो, तुमच्या अंगी जे गुण आहेत ते कुणी काढून घेऊ शकत नाही." इथे आल्विनला हुंदका फुटला. इथल्या नोकरीच्या अकरा वर्षांत त्याच्या गुणांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. ड्वेनने सवयीने रुमालांचा खोका पुढे केला. "आणि एक लक्षात ठेवा. पहिली चांगली नोकरी समोर आली की आढेवेढे घेऊ नका. मागचा कारखाना परत सुरू होईल म्हणून वाट बघत बसू नका."

पर्लने हात वर केला. "तुमचे अर्ज तयार आहेत?"

आल्विन टेबलाचे खण उघडून पाहू लागला. पर्ल लुपेकडे वळली.

"लुपेमावशी, तू तर अर्ज लिहायला शिकवतेस ना?"

"शिकवते गं," लुपे म्हणाली. "स्वतःचा लिहिलेला मात्र नाही."

मार्लीसबाईंचा अर्ज कपाटात सापडला. तो टंकयंत्रावर लिहिलेला होता आणि 'छंद' या शब्दापुढे 'चाकांच्या बुटांवर नाचणे' असं होतं. तो वाचून लुपेला इतकं हसू आलं, की रुमालांचा खोका तिच्याकडेही सरकवावा लागला. मग चौघंही मान खाली घालून अर्ज लिहायला बसली.

तेवढ्यात गाव येऊन पोहोचलं. वाइल्डर फोर्कमध्ये कुणावर संकट कोसळलं, की तोंडाने फारसं कुणी बोलत नाही. ओव्हनमध्ये काहीतरी भाजतात आणि घेऊन येतात. साडेअकरापर्यंत कचेरीत चीज-बटाट्यांची सहा भांडी आली, एकाहून एक गरम. त्यांच्या पाठोपाठ दुसरे लोक आले. कचेरी बंद व्हायच्या आत आपलं काम उरकून घ्यावं, असं एकाला सुचलं, त्याने ते दुसऱ्याला सांगितलं, आणि बारा वाजता रांग धुलाईच्या दुकानापलीकडे गेली. पर्लची वही भरली. तिने लुपेमावशीकडून दुसरी मागून घेतली.

दीड वाजता पॉपकॉर्नच्या कारखान्याच्या मालकीण, नॉर्मा हॉकस्टेटलरबाई, रांग मोडून आत आल्या. त्यांच्या हातातही एक भांडं होतं.

"मार्लीस, ऐकलं ते खरं का गं?"

"अजून नक्की नाही," मार्लीसबाई म्हणाल्या.

"गाडी दाराशी आहे आणि म्हणे नक्की नाही! हे बघ, मी दोन वर्षं तुझ्याकडे तीन माणसं मागतेय. वेळेवर येणारी, दोन ओळी धड लिहिता येणारी. तू एक तरी पाठवलंस का?"

"सापडलीच नाहीत, नॉर्मा."

"मला सापडली," नॉर्माबाईंनी ड्वेन, लुपे आणि आल्विनकडे बोट दाखवलं. "पगार इथल्यापेक्षा जास्त. शुक्रवारी अर्धा दिवस. तीनची पाळी सुरू होतेय, आजच या. उद्यापर्यंत मी थांबणार नाही, आधीच फार थांबले."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. ड्वेन घुटमळला. "म्हणजे, विचार करायला जरा वेळ..."

"मिस्टर कोब," पर्ल म्हणाली, "आढेवेढे घेऊ नका असं सकाळी तुम्हीच सांगितलंत ना?"

ड्वेनने टोपी काढली आणि पुन्हा चढवली. साठ ठिकाणी केलेलं भाषण आज पहिल्यांदाच त्याला स्वतःला ऐकावं लागलं होतं.

"जा तुम्ही," मार्लीसबाई म्हणाल्या. "तुमचं भलं होत असताना मी आड आले, तर वीस वर्षं इथे केलं काय मी?"

आल्विनने जाण्यापूर्वी प्रकरण पूर्ण भरलं. प्रवास एक मैल. कामगार चार. त्यांतल्या तिघांना त्याच दिवशी नोकरी. "मार्लीस," तो डोळे पुसत म्हणाला, "इतका चांगला आकडा आपला आजवर कधीच आला नव्हता." असं म्हणून तोही गेला.

चार वाजता राज्याच्या मुख्य कचेरीतून फोन आला. "ओब्रिंगरबाई, दोन बातम्या आहेत," पलीकडचा गृहस्थ खुशीत होता. "वॉशिंग्टनच्या समितीने ती कपात आजच फेटाळली. पैसा गेल्या वर्षीएवढाच. आणि तुमच्या तातडी पथकाने कमाल केली हो! एका दिवसात प्रकरण निकालात. तुमची कचेरी हलत नाही आता. उलट, इतरांना शिकवायला तुमची माणसं पाठवाल का?"

"माणसं," मार्लीसबाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

मग त्यांनी घाईघाईने पॉपकॉर्नच्या कारखान्यात ड्वेनला फोन लावला. मागे यंत्रांचा फटफट आवाज येत होता. "मार्लीस, केसांना जाळीसुद्धा बांधली गं मी," ड्वेन ओरडून म्हणाला. "शब्द दिलाय आता. आणि खरं सांगू? इथे माझं बोलणं ऐकून कुणी रडत नाही. फार बरं वाटतंय!"

मार्लीसबाई हताश होऊन बसल्या. कचेरी वाचली होती. पैसा होता, टेबलं होती, चीज-बटाट्यांची नऊ भांडी होती. खुर्च्या मात्र तिन्ही रिकाम्या. आणि बाहेर चाळीस माणसं उभी होती.

"आजी, कचेरी राहणार ना?" पर्लने विचारलं.

"राहणार. पण चालवायची कुणी? तीन माणसं हवीत, आणि आत्ता या वेळी ती मिळायची कुठे?"

पर्लने आजीकडे पाहिलं. मोठी माणसं कधीकधी असं का बोलतात, हे तिला कळेना. ती वही काखेत मारून दाराबाहेर गेली. रांगेत सगळ्यात पुढे फेरिस उम्होल्ट्झ उभा होता. तीस वर्षं काचेच्या भट्टीवर काढलेला माणूस, गावातल्या झाडून सगळ्यांना नावाने ओळखणारा. त्याची टोपी त्याच्या हातात होती.

"तुम्हाला काय हवंय?" पर्लने विचारलं.

"काम हवंय, पोरी. मिळेल ते."

पर्लने त्याचं बोट धरलं, त्याला आजीच्या समोरून सरळ आत नेलं आणि ड्वेनच्या खुर्चीत बसवलं. टेबलावरचा फोन वाजत होता.

"उचला," ती म्हणाली, आणि दुसऱ्याला आणायला बाहेर गेली.