नवरी डावीकडून आली

एल्डन स्ट्राउडचा पिकअप ट्रक डोंगर चढण्यासाठी बनवलेला होता आणि रोज विम्याच्या ऑफिसात जात होता. नेवाडातल्या त्या गावात यात जगावेगळं काही नव्हतं. निम्म्या गावाने ट्रक डोंगरासाठी घेतले होते आणि ते दूध-अंडी वाहत होते. पण इतरांचे टायर मोठे होते. सिग्नलला शेजारी कुणी उभं राहिलं की एल्डनच्या तोंडासमोर त्याचं चाक यायचं, आणि हे त्याला फार सलायचं.

शेवटी त्याने मूळ मापापेक्षा चांगले चार बोटं उंच टायर आणले. दुकानातल्या बाईंनी बजावलं होतं, की आधी ट्रक चाकांवर उंच करून घ्या, नाहीतर वळताना टायर घासतील. एल्डन म्हणाला, बघू. पहिल्याच वळणावर चाकातून असा आवाज आला, जणू मिक्सरमध्ये कुणी चमचा विसरलंय.

मग त्याने करवत घेऊन मडगार्डच्या आतलं प्लास्टिक कापलं. डावीकडचा आवाज थांबला, उजवीकडचा नाही. बंपरचा उजवा कोपरा कापला, तो तिरका गेला, म्हणून शोभेसाठी डावाही कापला. आवाज जिथल्या तिथे. तेव्हा ट्रक उंच करायचं सामान मागवलं. त्यातलं मागच्या चाकांचं आलं, पुढचं वाटेत कुठेतरी अडकलं. एल्डनला धीर नव्हता. त्याने आलं ते बसवून टाकलं. आता ट्रक पाणी प्यायला वाकलेल्या बैलासारखा दिसू लागला आणि गॅरेजमध्ये मावेनासा झाला.

आवाज उजवीकडेच होता, म्हणून एल्डनने उजवीकडे वळणं सोडून दिलं. तीनदा डावीकडे वळलं की उजवीकडेच जाता येतं, हे त्याने बायकोला, मार्सीला, कागदावर काढून दाखवलं. मार्सीने कागद पाहिला, मग नवऱ्याकडे पाहिलं, आणि भांडी घासायला गेली.

असं किती दिवस चाललं असतं कोण जाणे. पण मार्सीच्या आईचं लग्न निघालं. आर्डिथबाई पंचाहत्तरीच्या, आणि नवरदेव मर्ल सोन्याच्या खाणीतून निवृत्त झालेला. केक आणि फुलं घेऊन मार्सी आपल्या गाडीतून पुढे गेली. नवरीला आणायचं एवढं एकच काम एल्डनकडे होतं.

आर्डिथबाईंनी ट्रक पाहिला, स्वयंपाकघरातलं स्टूल मागवलं, झगा गुडघ्यापर्यंत खोचला आणि चढल्या. चर्च पुढच्याच चौकातून उजवीकडे. एल्डन सरळ गेला.

"चर्च गेलं," आर्डिथबाई म्हणाल्या.

"आपण जरा फिरून जातोय, आई."

पण पुढचा डावा रस्ता खणून ठेवला होता. त्याच्या पुढच्याने ते हायवेला लागले. उशीर झाला म्हणून एल्डनने पाय दाबला. वेगाचा काटा तर मर्यादेच्या आतच होता. चाक मोठं झालं की एका फेरीत गाडी जास्त पुढे जाते आणि काट्याला त्याचा पत्ता नसतो, हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा मागे पोलिसांचे दिवे लागले होते.

पोलीसबाईंना खिडकीशी बोलायला टाचा उंचवाव्या लागल्या. एवढ्या घाईत कुठे, असं त्यांनी विचारलं. चर्चला, एल्डन म्हणाला. चर्च मागे राहिलं, त्या म्हणाल्या.

"आम्ही उजवीकडे वळत नाही," आर्डिथबाईंनी खुलासा केला.

"का? धर्मात बसत नाही?"

"जावयाच्या टायरात बसत नाही."

पोलीसबाईंनी झगा पाहिला, गुच्छ पाहिला, आणि माझ्या मागे या म्हणाल्या. त्यांच्या गाडीमागून जाताना डावीकडे पळायला जागाच नव्हती. चर्चच्या कोपऱ्यावर त्या उजवीकडे वळल्या. एल्डनने डोळे बारीक केले आणि स्टिअरिंग फिरवलं.

तो आवाज चर्चमधला ऑर्गन थांबवून गेला. मडगार्ड मुळासकट निघालं आणि घरंगळत पायऱ्यांपर्यंत गेलं. सगळं वऱ्हाड बाहेर आलं. मार्सी आईकडे धावली, पाद्री मडगार्डकडे. मर्ल मात्र ट्रकभोवती एक फेरी मारून आला, पुढच्या चाकाशी वाकला आणि आत हात घालून बराच वेळ चाचपत राहिला.

"मर्ल," वरून आर्डिथबाई म्हणाल्या, "मी इथे आहे."

त्याने त्यांना उतरवून घेतलं. लग्न लागलं. जेवताना मर्ल एल्डनला म्हणाला, "ट्रक आठवडाभर ठेवून जा. पुढच्या चाकांचं सामान आलं की मी बसवतो. तोवर माझी गाडी घे." एल्डनचा जीव भांड्यात पडला.

सामान दोन दिवसांत आलं. मर्लने ते बसवलं, आणि नवराबायको मधुचंद्राला त्याच ट्रकमधून डोंगरात निघून गेली. एल्डन मर्लच्या बुटक्या गाडीत गुडघे छातीशी घेऊन ऑफिसला जाऊ लागला.

एका दुपारी फोनवर फोटो आला. छतापर्यंत चिखल, मागे बर्फाची शिखरं, आणि स्टिअरिंगवर आर्डिथबाई, केस विस्कटलेले. एल्डन तो फोटो टेबलाखाली धरून कितीतरी वेळ पाहत बसला. त्या शिखरांवर तो स्वतः अजून एकदाही गेला नव्हता.

मग सासूबाईंचा निरोप आला: "ट्रक छान आहे. एवढ्यात परत देता येणार नाही. मर्ल म्हणतो, टायर थोडे लहान पडतात."