पाव फेऱ्याला नापास

पाणी ओलं असलं तरी त्याचं शिक्षण कोरडंच हवं, याबद्दल आता तज्ज्ञांमध्ये दुमत उरलेलं नाही. मानपाड्याजवळच्या एका कॉलेजने जल अभियांत्रिकीची प्रयोगशाळा बंद करून सगळी प्रात्यक्षिकं संगणकावर आणली, ती उगाच नाही. (प्रयोगशाळेत शुक्रवारी पाणी नसायचं, पडद्यावर बारा महिने.) त्याआधी कॉलेजच्या समितीने सहा महिने रीतसर तुलना केली. वर्गात शिकणाऱ्या एकेचाळीस मुलांचे बूट भिजले, ऑनलाइनवाल्यांपैकी एकाचेही नाहीत. याहून पुरावा तो काय हवा?

अडली ती एकटी जागृती. तिचे वडील काळुराम तीस वर्षं गावात पाणी सोडायचे. खांद्यावर लांब लोखंडी चावी, मागे पोर. शेवटच्या परीक्षेत पडद्यावरचा व्हॉल्व्ह उघडायचा होता. पास होणाऱ्याला कोपर गावच्या नव्या गृहसंकुलात पाणी सोडायची नोकरी पक्की. जागृतीने बापाच्या शिकवणीप्रमाणे पाव पाव फेरा दिला, थांबली, पुन्हा दिला. संगणकाने 'उमेदवार झोपला आहे' अशी नोंद करून तिला नापास केलं. तिच्याच तुकडीतल्या आर्यनने एका क्लिकमध्ये उघडला आणि पहिला आला.

"बाबा, हळू उघडला म्हणून नापास झाले मी!" घरी येऊन ती ढसाढसा रडली.

"अगो, भसकन सोरला त पाईप फुटंल ना!" काळुराम चक्रावले.

जागृतीने हेच कॉलेजात शिकवणाऱ्या विनीत सरांना सांगितलं. सर हळहळले. "तुझं बरोबर आहे गं. पण पाईप फुटणं आपल्या सिलॅबसमध्ये नाही."

पहिल्याच दिवशी आर्यनने संकुलाचा मुख्य व्हॉल्व्ह भसकन उघडला. पाईप फुटला, तळघरातल्या गाड्या तरंगल्या. त्याने सरांना फोन लावला, "सर, यात मागे कसं जायचं?" शेवटी जागृतीला बोलावलं. बापाची चावी घेऊन, गुडघाभर पाण्यात उभी राहून तिने व्हॉल्व्ह बावीस मिनिटांत बंद केला. (ही बावीस मिनिटं समितीने तिच्या विलंबात धरली.)

तरीही समिती न्यायी. जागृतीला पास करावं का, हे समितीने नागरिकांवरच सोपवलं. प्रश्न नऊ ओळींचा होता. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, 'जुना निकाल कायम ठेवायचा असल्यास अंगठा दाबा.' तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही तो आला होता. तुम्ही दोन सेकंदांत अंगठा दाबलात.

सोमवारपासून तुमच्या इमारतीचं पाणी आर्यन सोडणार आहे.