तीन फुकट पहारेकरी

जी वस्तू कोणालाच वापरता येत नाही, ती पूर्णपणे सुरक्षित असते. बँकेच्या काउंटरला दोरीने बांधलेलं पेन आणि पाहुण्यांसाठी कपाटात राखून ठेवलेल्या कपबश्या यांनी हे तत्त्व पूर्वीच सिद्ध केलेलं आहे. घरगुती संगणकाच्या बाबतीत ते सिद्ध करण्याचा मान मात्र आशागडचे लडक्या वरठा यांच्याकडे जातो.

वरठा तलासरीकडच्या एका जंगलनाक्यावर आडवा बांबू वर-खाली करून निवृत्त झाले. त्यामुळे गावात त्यांना सगळे नाकेदार म्हणत. बांबू वर करण्यापेक्षा तो खाली ठेवण्याकडे त्यांचा कल होता. (एकदा नवरदेवाखाली सागवान आहे की काय हे पाहायला त्यांनी वरातीची अख्खी जीप रिकामी करवली. सागवान नव्हतं. नवरदेवाला जाऊ दिलं.)

२०१४ च्या दिवाळीत त्यांच्या मुलीने, पुण्याला नर्स असलेल्या दक्षाने, आपला जुना संगणक कॅमेऱ्यासकट आशागडला पाठवला. कारण सरळ होतं. दक्षाला दिवस गेले होते आणि आईच्या, म्हणजे जमनाबाईंच्या, पायाचं मोडलेलं हाड जुळायचं नाव घेत नव्हतं. बारशाला पुणे गाठणं त्यांना जमणार नव्हतं. बाळाचं नाव आजीनेच ठेवायचं, हे दक्षाने सासरी भांडून कबूल करून घेतलं होतं. जमनाबाईंची एकच अट होती, आधी तोंड बघणार, मग नाव सांगणार.

"न बघता नाव द्यायला तो काय रस्ता आहे?" असं त्यांचं म्हणणं.

पुढे उन्हाळ्यात मुलगी झाली. आजीकडून नाव आलं नाही तर पर्यायी व्यवस्था म्हणून बाळाच्या आत्याने 'कियाना' हे नाव तयार ठेवलं होतं.

संगणकात जावई सुनिलने व्हायरसपासून संरक्षण करणारं एक सॉफ्टवेअर बसवून दिलं होतं. ते फुकट होतं, आणि नाकेदारांना नेमकं तेच खटकलं. पगार घेऊन पहारा न करणारे त्यांनी नोकरीत पुष्कळ पाहिले होते. पगार न घेता पहारा करणारा एकही पाहिला नव्हता. तेव्हा या पहारेकऱ्यावर नजर ठेवायला त्यांनी नेटवरून दुसरा उतरवून घेतला. तोही फुकट निघाल्यामुळे दोघांवर तिसरा नेमणं क्रमप्राप्त झालं.

कोणताही पहारेकरी येताना एकटा आला नाही. कोणी नेटवर हवं ते शोधून देणारा मेहुणा आणला, कोणी हवामान सांगणारा साडू, कोणी स्वस्त चपलांची बातमी देणारी आत्तेबहीण. ही मंडळी पडद्याच्या वरच्या अंगाला पट्ट्यापट्ट्यांनी राहू लागली, आणि उरलेल्या फटीतून नाकेदार जग पाहू लागले. (नाकेदार काय पाहतात, कुठे जातात हे टिपून ही मंडळी आपापल्या मालकांना कळवत असत. त्यांना कोणी पकडलं नाही, कारण ते स्टाफचे लोक होते.)

लवकरच पहिल्याने दुसऱ्याला संशयावरून अटक केली आणि दुसऱ्याने तिसऱ्याला. नाकेदारांना भरून आलं. स्टाफ असावा तर असा.

मग एके दिवशी पडद्यावर चौकट आली: अमुक प्रोग्रॅम बाहेर जाऊ इच्छितो, जाऊ द्यावं काय? निवृत्तीनंतर त्यांना कोणी परवानगी विचारण्याची ही पहिलीच वेळ. डोळे पुसून त्यांनी 'नाही' दाबलं. त्यानंतर अडवलेल्यांत चाळीस टक्के अनोळखी होते आणि साठ टक्के ओळखीचे. संगणकाचं घड्याळ खरी वेळ विचारायला बाहेर निघालं होतं, त्यालाही परत पाठवलं. तेव्हापासून ते अंदाजाने चालतं. सापडलेले व्हायरस: शून्य. (की-बोर्डखाली एक पाल सापडली, ती हिशेबात धरलेली नाही.)

बारशाचा रविवार उजाडला. जमनाबाई नवं लुगडं नेसून, मोडका पाय स्टुलावर ठेवून संगणकासमोर बसल्या. पुण्याहून कॉल आला, आणि त्याबरोबर चौकट.

"कॅमेरा आणि माईक मागतंय," नाकेदार म्हणाले. "कशाला?"

"बघायला न् बोलायला."

"सगळे हेच सांगतात."

"अहो, पोरगी आहे आपली."

"आपली आहे हे आत आल्यावर कळणार. आत सोडायच्या आधी कसं कळेल?"

"तीस वर्षं बांबू धरलात," जमनाबाई म्हणाल्या, "तो माझ्या घरात पण आणलात."

नाकेदारांनी संपूर्ण तपासणीचा हुकूम सोडला. तिन्ही पहारेकरी एकदम कामाला लागले. संगणक भातगिरणीसारखा घरघरू लागला, आणि शेवटी तिसऱ्याने कॉल करणाऱ्या प्रोग्रॅमलाच उचलून कोठडीत टाकलं. पडदा हिरवा झाला. आपला संगणक पूर्णपणे सुरक्षित आहे.

साध्या फोनवर दक्षाचा आवाज आला. "आई, काय झालं? सगळे थांबलेत. आत्याबाई पाळण्याजवळ जाऊन उभ्या राहिल्यात."

"उभी राहू दे. पाळण्याला हात लावू देऊ नको," असं सांगून जमनाबाईंनी काठी घेतली आणि त्या लंगडत शेजारी पांड्याच्या टपरीत गेल्या.

पांड्याचा धंदा लोकांच्या मोबाईलच्या कार्डात गाणी भरून देण्याचा. धाकटी डहाणूच्या खलाशांपासून तलासरीच्या ड्रायव्हरांपर्यंत सगळ्यांची कार्डं त्याच्या संगणकाच्या पोटात जाऊन आलेली. त्यात व्हायरस किती आहेत ते मोजायला एकदा सॉफ्टवेअर बसवलं होतं. तेच आजारी पडलं. पांड्याचं धोरण मात्र स्पष्ट होतं.

"विचारलं की होय म्हणायचं, मावशी. नाही म्हटलं की परत परत विचारतं."

त्याने सहा वेळा होय म्हटलं. दोन जाहिराती नाचून गेल्या, आणि मागून जांभई देणारं एक लालबुंद तोंड आलं.

जमनाबाईंनी स्टूल पडद्याजवळ ओढलं. नाकेदार पाठोपाठ आले होते, पण उंबऱ्यातच थांबले.

"त्या मशीनला लागण आहे," ते म्हणाले.

"पोरीला नाही ना? या आत."

नाकेदार चपला काढून आत आले, हात पाठीशी बांधून वाकले आणि बराच वेळ तपासणी करत राहिले. आक्षेपार्ह काही आढळलं नाही. जमनाबाईंनी नाव सांगितलं, पुण्यात दक्षाने ते बाळाच्या कानात सांगितलं, आत्याबाई पाळण्यापासून दूर झाल्या.

"हे आपल्याशिवाय आणखी कोण बघतंय?" नाकेदारांनी विचारलं.

"काय माहीत काका. मी होय म्हटलंय," पांड्या म्हणाला. "फोटो काढून ठेवू का बेबीचा? गाण्यांबरोबर सगळ्यांच्या कार्डात टाकतो. तुमच्यासाठी फुकट."

नाकेदारांनी भिंतीतला प्लग उपटला.

सबब नाकेदारांच्या नातीचा एकही फोटो आजवर तालुक्यात फिरलेला नाही. तिचं नावही येथे देता येत नाही. परवानगी मागितली होती, उत्तर 'नाही' आलं. लोक त्यांना हसतात. तुम्हीही मघाशी हसलात, त्याला हरकत नाही. तुमच्या नातीचा फोटो मात्र सगळ्या तालुक्याने नाव, जन्मवेळ आणि वजनासकट पाहिला आहे. गोड आहे. नाक तुमच्यावर गेलंय.