कर्नलसाहेबांचा अंगठा

शनिवारच्या तपासणीत बराक नापास झाली की सार्जंट हँक डुब्रॉव्स्कीची सुट्टी रद्द. असं लागोपाठ तीनदा झालं होतं आणि तिन्ही वेळा सॅन डिएगोत त्याच्या मैत्रिणीने, लोरेटाने, दोघांसाठी भाजलेली कोंबडी एकटीने खाल्ली होती. "आज सहाला आलास तर आलास," तिने फोनवर सांगितलं, "नाहीतर पुन्हा येऊच नकोस."

म्हणून हँकने पोरांकडून बराकीची लाकडी जमीन मेण लावून अशी घासून घेतली, की खिडकीतलं आभाळ तिच्यात उतरून बसलं. चाळीस पोरं बाहेर रांगेत उभी केली. लेम्युएल टॅडलॉकला मात्र दारात ठेवलं. अलाबामाच्या डोंगरातलं हे लेकरू आत गेलं तर काहीतरी सांडणार, रांगेत राहिलं तर काहीतरी बोलणार.

"तपासणी होईपर्यंत इथे कुणाचा बूट पडता कामा नये. माझा नाही, तुझा नाही, देवाचासुद्धा नाही. कळलं का रे?"

"कळलं, सार्जंटसाहेब. देव आलाच तर काय म्हणू?"

"काही म्हणू नकोस. उभा राहा."

दहाला कर्नल व्हिटकोंब आले. लेम्युएलने सलाम ठोकला आणि वाट अडवली. "साहेब, बूट तेवढे बाहेर काढा."

रांगेपुढून हँक हातानेच नको-नको करू लागला.

"कुणाचा हुकूम?" कर्नलांनी विचारलं.

"आमच्या सार्जंटसाहेबांचा. फार भला माणूस, साहेब. लोरेटाबाई भेटत नाहीत म्हणून ओरडतो, एवढंच."

रांगेत कुणीतरी खोकलं. कर्नल पायरीवर बसले, बूट काढले, आणि डाव्या मोज्यातून त्यांचा अंगठा सकाळच्या उन्हात बाहेर आला. चाळीस पोरं एकदम आभाळाकडे पाहू लागली.

लेम्युएलने खिशातून सुई-दोरा काढला. "हलू नका, साहेब. आजीने शिकवलंय. गुदगुल्या झाल्या तर सांगा."

सुई चालली, तशा गप्पाही चालल्या: आजीच्या मक्याच्या भाकरीच्या, म्हाताऱ्या खेचराच्या. रफू झाला तेव्हा कर्नलांचा चेहरा निवळला होता. मोज्यांवरच ते आत गेले, मेणावरून थोडे घसरले, आणि हसतच परतले.

"पहिला नंबर, सार्जंट."

हँकला कोंबडीचा वास आला.

"पण मोज्यांची तपासणी आपण कधी करतो?"

"कधीच नाही, साहेब."

"मग आज करू. बूट काढा सगळ्यांनी. ज्याचे मोजे धड, त्यालाच सुट्टी."

पोरांच्या सगळ्या जोड्या धड निघाल्या. लेम्युएल रोज संध्याकाळी सगळ्यांचे मोजे शिवून द्यायचा. उरला हँक. नवी जोडी लोरेटाकडे जाताना घालायला जपून ठेवायची म्हणून त्याने आज सगळ्यात जुनी चढवली होती. दोन्ही टाचा उघड्या.

"शिवून झाले की मला दाखवा, मग जा," कर्नल म्हणाले.

पोरं गाणी म्हणत बसमध्ये चढली. अनवाणी हँक पायरीवर बसला, शेजारी लेम्युएल.

"माझे का नाही शिवलेस रे?"

"तुम्ही म्हणाला होतात, माझ्या वस्तूंना हात लावलास तर हात तोडीन."

हँकने एक मोजा त्याच्या हातात दिला.

"उशीर होईल म्हणून लोरेटाबाईंना मी मघाशीच फोन केला, साहेब. खरं तेच सांगितलं. मोजे फाटलेत म्हणून."

हँकने डोळे मिटले. "काय म्हणाली?"

"खूप वेळ हसल्या. मग विचारलं, त्याला मोजे शिवून देणारं कुणीच नाही का? मी म्हटलं, नाही." लेम्युएलने दाताने दोरा तोडला. "हा एक झाला. आता दुसरा द्या."

हँकने उरलेला मोजा मुठीत घट्ट धरला.

"राहू दे," तो म्हणाला. "एकाच पायाचा दाखवतो कर्नलांना. हा तिच्याकडे शिवायला घेऊन जातो."