चुंबकाला चिकटलेली भुकटी

रतिलालभाऊंच्या मते शहादा तालुक्यात तीक्ष्ण नजरा दोनच: एक घारीची, दुसरी त्यांची. त्यात घारीला नोंदवही लिहिता येत नाही. कॉलेजच्या रसायन विभागाचं भांडार सांभाळणं हा त्यांचा पोटापाण्याचा उद्योग, गुन्हेशोधन हा धर्म. या धर्माचा एकमेव अनुयायी म्हणजे प्रयोगशाळेचा शिपाई ईश्वर. त्याला कोणी विचारलं नव्हतं.

दुपारी तीनला संशोधक विद्यार्थिनी रिना रडवेली होऊन कुपी घेऊन आली. वर्षभर खपून तिने हॅलाइड डबल पेरोव्हस्काइट बनवलं होतं. हा मिठाच्या जातीचा स्फटिक, त्यात दोन वेगळे धातू एकाआड एक बसतात. अतिनील दिव्याखाली त्याने पिवळसर उजळावं आणि चुंबकाकडे ढुंकूनही पाहू नये. आज भुकटी उजळत होती, पण चुंबक जवळ नेला की कुपीच्या काचेवर चढत होती. चारला समितीसमोर हे दाखवायचं होतं. जमलं नाही, तर संशोधनाची मुदत वाढणार नव्हती.

"अदलाबदल!" भाऊ कडाडले. "वरच्या मजल्यावरचे मत्सरी!"

"मग उजळते कशी?" ईश्वरने विचारलं.

"म्हणजे मत्सरी हुशार आहेत."

पाच मिनिटांत मत्सरी सुटले आणि साखर कारखान्याचा धूर अडकला. मग रिनाच्या बांगड्या. त्या काचेच्या निघाल्या.

"हेच तर संशयास्पद आहे," भाऊ म्हणाले.

साडेतीनला रिनाची आई बेबीबाई डबा घेऊन आली. ब्राह्मणपुरीत तिची मिरची दळायची गिरणी. तिने कुपी उजेडात धरली.

"जराशी काळी दिखस, बेटा. कशामा दळी?"

"स्टीलच्या नव्या भांड्यात. दगडाचं सापडलंच नाही."

"मंग? लोखंड झिजस नि दळणमा उतरस. मन्हा गिरणीना तोंडले उगाच चुंबक बांधेल शे का?"



"दगडी भांडं गेलं कुठे?" ईश्वरने विचारलं, आणि विचारता विचारताच त्याला आठवलं. सोमवारी 'चहात वाळू' प्रकरणी भाऊंनी ते झाकणासकट पुरावा म्हणून जप्त केलं होतं. कपाटाची किल्ली भाऊंच्या कमरेला होती.

कपाट उघडलं. भांड्याच्या तळाशी आधीच्या दळणाची चमचाभर भुकटी उरली होती. दिव्याखाली ती लख्ख उजळली. चुंबकाने कितीही मनधरणी केली तरी जागची हलली नाही. चारला सहा मिनिटं कमी असताना रिना ती घेऊन पळाली.

पाऊण तासाने ती परतली. "सहा महिने वाढवून मिळाले, माय!"

भाऊंनी घसा खाकरला. "ईश्वर, नोंदव. गुन्हेगार आतल्या गोटातला. नाव गोपनीय."

"किल्ली कोणाकडे असते, तेवढं लिहू?"

"गरज नाही. आणि ते भांडं पुन्हा जप्त कर."

बेबीबाईने हात पुढे केला. "किल्ली दे आते, भाऊ."

शहादा तालुक्यातल्या दोन तीक्ष्ण नजरांपैकी एक जमिनीकडे वळली. दुसरी त्या वेळी आकाशात होती.