पेंग्विन, टेलिफोन आणि डब्यातली जागा

"तुझा चहा निवायच्या आत पान उघडून दाखवतो!" असं थ्येनफा बायकोला म्हणाला, तेव्हा रविवारचे सकाळचे सात वाजले होते आणि घरातला टेलिफोन अजून धडधाकट होता.

थ्येनफा ल्याओ म्हणजे च्यायी गावच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये चौतीस वर्षं काढलेला गडी. निवृत्त झाला तरी कुठे तार लोंबताना दिसली की हात शिवशिवायचे. संगणक घेतला तोही चारचौघांसारखा नाही! मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरून त्याने स्वतः त्यावर लिनक्स ही संगणकप्रणाली चढवली. चालू केला की पडद्यावर लिनक्सची खूण असलेला पेंग्विन यायचा, आणि पुढचा कारभारही पेंग्विनच्याच चालीने. एखादं पान उघडायला सांगावं आणि खुशाल शेंगा सोलायला बसावं.

"अहो, पेंग्विनच्या जागी कबुतर असतं तर निरोप देऊन परत आलं असतं!" बायको, युएश्या, म्हणायची.

एरवी खपून गेलं असतं. पण युएश्याच्या वर्गाने शाळा सोडल्याला चाळीस वर्षं झाली होती. आलीशानच्या डोंगरात जाणाऱ्या छोट्या गाडीला वाफेचं इंजिन जोडून अख्खा वर्ग पुन्हा सहलीला निघणार होता. शेवटची सहल याच गाडीने झाली होती. तेव्हा खिडकीतून डोकं काढल्याने चाळीस पोरी धुरात तोंडं काळी करून परतल्या होत्या, आणि आयांनी एकेकीला ओळख पटवूनच घरात घेतलं होतं. ते सांगताना युएश्या अजूनही पदर लावल्यासारखा हात तोंडावर धरून हसायची. आता डबा एकच, जागा छत्तीस, नावनोंदणी इंटरनेटवर. नऊ वाजता सुरू!

"जोडीने जाता येतं का गं?" थ्येनफाने तिसऱ्यांदा विचारलं.

"आधी पान तर उघडू द्या!"

थ्येनफाने मोडेम पुसला. वायर बदलली. वायर कमी लागावी म्हणून टेबल ओढत स्वयंपाकघराच्या दारात आणलं, त्यामुळे युएश्या आत अडकली ती अडकलीच. दर पाच मिनिटांनी तो इंटरनेट जोडून बघायचा. फोनची तार एकच, त्यामुळे तेवढा वेळ फोन बंद. पान काही हलेना. शेवटी इंटरनेट तोडून त्याने एक्सचेंजमधल्या जुन्या दोस्ताला, जुआंगला, फोन लावला.

"लेका, साधी गोष्ट आहे," जुआंग म्हणाला. "साईटचं नाव टाकलं की संगणकाला तिचा नंबर कुणाला तरी विचारावा लागतो. कुणाला विचारायचं ते एका फाईलमध्ये लिहिलेलं असतं. दोन ओळी दिसतायत?"

"दोन आहेत."

"एक तुझ्या जुन्या इंटरनेट कंपनीची असणार. ती बुडून वर्ष झालं! तुझा पेंग्विन दर वेळी आधी तिच्या दारावर थापा मारतो, ताटकळतो, मग शेजारी जातो. ती ओळ उडव."

"आपल्या वेळी बरं होतं रे," थ्येनफा हळवा झाला. "बोर्डावरची बाई सांगायची, ते घर सोडून लेकीकडे गेलेत, थांबा, तिकडे जोडून देते."

"आणि वर लेकीची खुशालीही सांगायची!"

दोघं त्या बायांच्या आठवणीत असे रमले की घड्याळात पावणेनऊ कधी झाले कळलंच नाही. थ्येनफाने फोन ठेवला आणि ऐटीत ओळ उडवली. चुकीची! चालू कंपनीची ओळ गेली, बुडालेलीची तेवढी राहिली. आता पेंग्विन पहिल्याच दारावर थापा मारत बसला.

पुन्हा जुआंग. "अरे, उडवलेला नंबर परत टाक की!"

"आठवत नाही!" एके काळी गावचे दोन हजार नंबर तोंडपाठ असलेल्या थ्येनफाच्या तोंडून हे निघताना त्याला रडू यायचंच बाकी होतं.

"कंपनीच्या साईटवर असतो. माझ्या घरी संगणक नाही, तूच इंटरनेटवर बघ."

"इंटरनेटच तर गेलंय, बाबा!"

नऊ वाजले. थ्येनफा पुन्हा पुन्हा इंटरनेट जोडून बघत राहिला. सव्वानऊ झाले. स्वयंपाकघरातली भांडी जरा जोरातच वाजू लागली. तेवढ्यात दारात स्कूटर थांबली आणि वर्गाची जुनी मॉनिटर बाओल्वान हेल्मेटसकट आत घुसली.

"कोण आजारी आहे? सात वाजल्यापासून फोन लागत नाही! माझा जीव टांगणीला!"

"मी धडधाकट आहे, पण अडकलेय!" आतून युएश्या ओरडली. दोघींनी मिळून टेबल ढकललं.

बाओल्वानने सगळं ऐकून घेतलं आणि पर्समधून एक कार्ड काढलं. तिच्या घरीही तीच कंपनी होती, आणि मॉनिटर ती मॉनिटरच, सगळे नंबर जवळ बाळगणारी! तिने आकडे सांगितले, थ्येनफाने टाकले. डोळ्याचं पातं लवायच्या आत पान उघडलं! वर लाल अक्षरं होती: सर्व जागा भरल्या.

युएश्या खुर्ची ओढून डोळे पुसू लागली.

"अगं, रडतेस काय! तुझं नाव मी नवाच्या ठोक्याला टाकलंय. तुमचा पेंग्विन मला माहीत नाही का? टाकू का विचारायला सातपासून फोन करत होते, आणि नऊनंतर टाकलं ते सांगायला."

"आणि माझं?" थ्येनफाने चाचरत विचारलं.

"एक जागा होती की भाऊजी, नऊ वाजून दहापर्यंत! तुम्ही येताय का विचारायला चार वेळा फिरवलं. एंगेज, एंगेज, एंगेज! मग काओश्युंगच्या मैत्रिणीला देऊन टाकली."

सहलीच्या दिवशी थ्येनफाने बायकोला स्टेशनवर सोडलं. छत्तीस आज्या खिडक्यांतून डोकी काढून ओरडत होत्या. धूर वळणाआड जाईपर्यंत तो हात हलवत उभा राहिला, मग घरी येऊन संगणकासमोर बसला. पानं कशी पटापट उघडत होती!

साडेनऊच्या आत त्याचं सगळं इंटरनेट बघून संपलं.